रा. रा. सेटशेट यांस अनावृत पत्र

मूळ गाव ऑक्सफर्ड, हल्ली मुक्काम आमच्या तोंडात.

स. न. वि. वि.

शेट म्हटलं म्हणून रागावू नका. ज्याचं प्रत्येक गल्लीत दुकान असतं त्याला आमच्या साताऱ्याकडे शेटच म्हणतात. सराफाकडे तुम्ही, केबलवाल्याकडे तुम्ही, व्यायामशाळेत तुम्ही, स्लॅब ओतणाऱ्या मिस्त्रीच्या तोंडी तुम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींच्या दह्यातही तुम्हीच. शेटजी म्हणायला आणखी काय लागतं?

आधी सांत्वनाचे दोन शब्द, कारण तुमची गादी गेल्याचं आम्हाला जरा उशिरा कळलं. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सबंध कोशात सर्वांत लांब नोंद तुमची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि नोंदीचे ६०,००० शब्द. एवढ्यात आमच्याकडे एक कादंबरी होते आणि तिचा लेखक पुरस्काराची वाट बघत बसतो. गिनीज बुकातही तुमचं नाव लागलं. पुढे नव्या आवृत्तीचं काम निघालं. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार ‘रन’ या शब्दापाशी बसले ते सुमारे नऊ महिन्यांनी उठले. उठले तेव्हा ‘रन’च्या पदरात ६४५ अर्थ होते. २०११ साली बातमी फुटली आणि तुम्ही दुसऱ्या पंगतीला गेलात. नऊ महिने आणि इतकी भरलेली ओटी! तुम्हाला वाईट वाटलं असणारच. पण तिकडची गादी गेली म्हणून इकडे आमच्या घरात एवढा पसारा मांडायचं काही कारण होतं का?

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही माझ्या भाच्याचं लग्न मोडलंत.

तुळशीची लग्नं आटोपली की आमच्याकडे स्थळांचे फोन सुरू होतात. भाचा ३२ वर्षांचा, मराठीचा एम. ए., दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. लोक त्याला सीएचबी म्हणतात. तुम्ही परदेशी, म्हणून समजावून सांगतो. जेवढे तास घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. दिवाळीची सुट्टी लागली, तास नाही. परीक्षा लागल्या, तास नाही. उन्हाळा लागला, मग तर विचारूच नका. बिल मंजूर होतं तेव्हा होतं आणि नव्या वर्षी पुन्हा नव्यानं मुलाखत, जणू गेल्या वर्षी वर्गात दुसराच कोणी उभा होता.

पण पोरगा हुशार. गेल्या वर्षी त्यानं सेट काढली. नाही, तुम्ही नव्हे, परीक्षा! स्टेट एलिजिबिलिटी टेस्टची आद्याक्षरं जोडली की तुम्हीच निघता. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही परीक्षा घेतं. ती उत्तीर्ण झाली की माणूस सहायक प्राध्यापक व्हायला पात्र होतो. पात्र होतो, एवढंच. ताईनं त्या प्रमाणपत्राला लॅमिनेशन करून ते देव्हाऱ्याच्या वर लावलं.

तर मार्गशीर्षातल्या एका रविवारी कऱ्हाडची मंडळी आली. मुलीचे वडील, आई आणि बोलायचं काम ज्यांच्याकडे असतं ते काका. पोहे आले. काकांनी पहिला घास घेऊन विचारलं, “बाकी मुलगा काय, सेट आहे ना?”

“हो तर!” ताई म्हणाली. “गेल्या वर्षीच झाला. पहिल्याच झटक्यात.”

“वा! आजकाल कुठं होतात मुलं इतक्या लवकर.”

“तेच म्हणते मी. लोक सात-सात वर्षं बसतात, होत नाही.”

“आणि नेटचंही चालू आहे,” आमच्या सौ.नं पोह्यांवर खोबरं घालता घालता भर टाकली.

“नेटचं पण?” काकांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा जोडधंदा उभा राहिला. “म्हणजे नोकरी सांभाळून?”

“हो, रात्री जागून करतो.”

“पण सेट म्हणजे एकदम पर्मनंट ना?”

“कायमचं! एकदा मिळालं की तहहयात.” ताई प्रमाणपत्राबद्दल बोलत होती, आणि ते खरंच आहे, त्या प्रमाणपत्राला मुदत नसते.

काकांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आणखी थोडे पोहे घेतले. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

पंधरा दिवसांनी त्यांच्या कोणा ओळखीच्यानं कॉलेजात चौकशी केली आणि दुपारी फोन आला. फोन मी घेतला. “तुम्ही तर सेट आहे म्हणालात!” मी म्हटलं, “आहेच की.” “अहो, कुठं आहे? तो सेट नाही!” “सर्टिफिकेट दाखवू का?” “सर्टिफिकेट काय करायचंय, पगार दाखवा!” शेटजी, त्या दिवशी दोन्ही घरं शपथेवर खरं बोलत होती. मधल्या मध्ये खोटं बोललात ते फक्त तुम्ही.

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका हुडकून माझं पोट चालतं. तेव्हा तुमचा पूर्वेतिहास काढल्याशिवाय मला झोप येईना. काढला, आणि पहिल्याच पानावर सापडलं की एका नावावर तुम्ही दोघं आहात. क्रियापदवाले सेट जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’चे वंशज, म्हणजे ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे, सरळ हिशेब. पण डझनभर वस्तू जुळवून खोक्यात घालणारे ते दुसरे सेट जुन्या फ्रेंचमधून आले. त्यांचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा मेळा, पंथ. पंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात तो यांचाच भाऊ. पुढं दोघांचं येणंजाणं इतकं वाढलं की कोण कुठला हे तुमच्याच लोकांना सांगता येईना. सातबारा एक, खातेदार दोन, आणि फेरफाराची नोंद नाही.

त्यातून क्रियापदवाल्यांची मुळं आणखी खणली तर हाताला काय लागावं? आपला ‘सद्’ धातू. सदन, संसद, परिषद, उपनिषद ज्याच्यातून निघाले तोच. आमचं ‘नीड’, म्हणजे पाखराचं घरटं, आणि तुमचं ‘नेस्ट’ हेसुद्धा त्याच मुळाचे. मी चष्मा काढून ठेवला. ज्याला इतके दिवस परका म्हणून शिव्या घातल्या तो भाऊबंद निघाला. आणि भाऊबंद म्हटल्यावर त्यानं आपली जमीन दाबली यात नवल ते काय!

दाबलेल्या जमिनीची मोजणी ऐका. ‘बसवणे’ हे आमचं वडिलोपार्जित रान. आम्ही घट बसवतो, गणपती बसवतो, नाटक बसवतो, हिरा कोंदणात बसवतो, फरशी बसवतो, दात बसवतो, संसाराची घडी बसवतो आणि वर्गावर वचक बसवतो. आता फरशीवाला येतो तो म्हणतो, “दुपारपर्यंत सेट करून देतो.” दाताचा डॉक्टर म्हणतो, “कॅप सेट झाली का बघा.” नाटकवाल्यांनी नेपथ्याला कधीच तुमच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. पण तिथं एक गंमत आहे. पडद्यामागची माणसं विचारतात, “सेट लागला का?” तुम्ही आलात खरे, पण तुम्हाला लावायला आमचंच क्रियापद लागलं. गणपती तेवढा अजून कोणी सेट केलेला नाही. नुसतं कळसावर जाऊन बसायचं राहिलंय, कारण मंडळाच्या देखाव्याला आता पोरं ‘यंदाचा सेट’च म्हणतात.

दह्याची गोष्ट तर मला फार लागली. आमच्या आईनं उभ्या जन्मात दूध विरजलं, विरजण लावलं, आणि सकाळी झाकण काढून “लागलंय छान” म्हणाली. भांडं तिरकं करून बघायची. दही हललं नाही की बोटभर साय बाजूला सारून कवडी मोडायची. परवा आमच्या स्वयंपाकघरात मोबाइलमधली बाई सांगत होती, “आता हे आठ तास सेट व्हायला ठेवायचं आहे.” त्याच बाईंचं श्रीखंड सेट होतं, खरवस सेट होतो, वड्यासुद्धा थापल्या जात नाहीत, ट्रेमध्ये सेट केल्या जातात. मी म्हटलं, “हे दही आहे की सिमेंट?” सौ. म्हणाली, “गप्प बसा.” बसलो. बघा, इथं बसणंच उपयोगी पडलं.

सिमेंटची तुलना अगदी फुकटची नव्हती. वरच्या मजल्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीला मी विचारलं होतं, माल सेट होतो म्हणजे नक्की काय? तो म्हणाला, घट्ट होतो. नेहमीच्या सिमेंटसाठी भारतीय मानकात याचं चोख माप आहे. सुरुवातीचा सेट तीस मिनिटांच्या आत होता कामा नये, आणि शेवटचा ६०० मिनिटांच्या आत झालाच पाहिजे. दहा तास! सरकारनं सिमेंटला मुदत घालून दिली आहे. भाच्याला वर्गात उभं राहून सात वर्षं झाली, त्याच्यासाठी मात्र कुठल्याच मानकात काही लिहिलेलं नाही.

लेमन सेटबद्दल मात्र तुम्हाला मी माफ करणार नाही. तुमच्या इंग्लंडात ही चीज असते की नाही कोण जाणे. आमच्या लग्नात आम्हाला अकरा मिळाले. एक जग, सहा ग्लास, त्यांवर लिंबाची नाहीतर संत्र्याची चित्रं, वर गुलाबी जिलेटिनचा कागद आणि आहेर करणाऱ्याचं नाव बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी. आम्ही त्यातून कधीच सरबत प्यायलो नाही. पहिल्या महिन्यात एक ग्लास फुटला आणि आई हळहळली, “सेट मोडला.” पाच ग्लास आणि एक जग धडधाकट शाबूत, पण सेट मोडला! त्या दिवसापासून ते पाच ग्लास माळ्यावर आहेत. पाच माणसांना पाणी देता येईल असे पाच धड ग्लास केवळ सहावा नाही म्हणून निकामी ठरवायची ताकद ज्या शब्दात आहे, त्याच्यापुढं माझा भाचा किस झाड की पत्ती. उरलेले दहा सेट आम्ही इतरांच्या लग्नांत दिले. त्यांतला एक फिरून परत आला. चिठ्ठी वेगळी होती, पण जगच्या मुठीवरचा टवका मी ओळखला.

आणखीही बरंच आहे, पण भराभर उरकतो. तुमचा सेट टॉप बॉक्स. २०१२च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत तो सक्तीचा झाला आणि मग आमच्यापर्यंत पोचला. नाव टीव्ही सेटच्या टॉपवर ठेवायचं खोकं म्हणून पडलं. आता टीव्ही पापडासारखा झाला, त्याच्या डोक्यावर आगपेटी राहत नाही. खोकं खाली फळीवर गेलं आणि नावात मात्र अजून टॉपलाच आहे, निवडणूक हरलेल्या माजी आमदारांच्या पाटीसारखं. शेजारचा पोरगा व्यायामशाळेतून येऊन सांगतो, “आज चार सेट मारले.” कोणाला, ते सांगत नाही. टीव्हीवर क्रिकेट लागलं की समालोचक म्हणतो, फलंदाज सेट झालाय, आणि पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी उडते. आणि ‘सेटिंग’ या तुमच्या चिरंजीवांबद्दल तर बोलायलाच नको. टेंडरपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत जे जे उजेडात करता येत नाही ते सगळं त्यांच्या नावावर जमा आहे. माझा भाचा कायम का होत नाही, असं मी एका जाणकाराला विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सेट आहे हो त्याची, पण सेटिंग नाही.” बाप आहे, लेक नाही, म्हणून घर अडलं.

घरी इंग्रजीतही तुम्ही काही सरळ वागत नाही. तुम्ही लागलात की सूर्य मावळतो आणि काँक्रीट घट्ट होतं. पुढं ‘ऑफ’ जोडला की माणूस प्रवासाला निघतो नाहीतर बाँब फुटतो. ‘अप’ जोडला की कारखाना उभा राहतो किंवा निरपराध माणूस सापळ्यात अडकतो. कोर्टानं ‘असाइड’ केलं की निकाल रद्द. आणि एवढे उद्योग करून भूतकाळ विचारला तर तुम्ही जसेच्या तसे. सेट, सेट, सेट. काल केलं की रोज करता, चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. पोलिसांना असे गुन्हेगार फार जड जातात.

एकाच ठिकाणी तुम्हाला कोणी दारात अडवल्याचं मला माहीत आहे, ते म्हणजे शाळेचं गणित. गेओर्ग कँटोर यांनी १८७४ पासून ही विद्या उभी केली. त्यांच्या जर्मनमधल्या ‘मेंगं’ला इंग्रजीनं तुमचं नाव दिलं. आमच्या पाठ्यपुस्तकानं मात्र शांतपणे ‘संच’ लिहिलं आणि पुढं उपसंच, विश्वसंच, रिक्त संच असा सगळा गोतावळा घरचा वाढवला. पोरं रडत का होईना, शिकतात. रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो हे मी नववीत पाठ केलं होतं. ते खरं असल्याचं प्राध्यापकांच्या रिक्त जागांकडे पाहून हल्ली पटतं. त्या जागांचा संच तेवढा मुळीच रिक्त नाही.

आता माझ्याच पक्षाविरुद्ध एक साक्ष देतो, नाहीतर तुमचा वकील ती काढेलच. आमचं ‘बसणे’ही काही गंगेत न्हालेलं नाही. धंद्याचा जम बसला म्हणजे माणूस तरला, आणि धंदा बसला म्हणजे बुडाला. विश्वास बसतो, धक्काही बसतो. गळा बसतो, भुर्दंड बसतो. “संध्याकाळी बसू या का?” असं कोणी विचारलं तर तो बसण्याविषयी बोलतच नसतो. कऱ्हाडच्या काकांना ताईनं अस्सल मराठीत “मुलगा सध्या बसलाय” असं सांगितलं असतं, तर ते पोहे अर्धेच टाकून उठले असते.

तरीसुद्धा माझी तक्रार उभी राहते. तुमच्या आधी आमच्याकडे उपवर मुलाची चौकशी करायला ढीगभर शब्द होते आणि त्यातला प्रत्येक शब्द काही ना काही खरं सांगून जायचा. ‘पोटापाण्याला लागलाय’ म्हटलं की कळायचं, पगार बेताचा आहे. ‘चिकटलाय’ म्हटलं की कळायचं, सरकारी आहे, आता देवसुद्धा काढू शकत नाही. ‘बस्तान बसतंय’ म्हणजे अजून बसलेलं नाही, दोन वर्षं थांबा. ‘हाताशी आलाय’ म्हणजे बापाचं दुकान. ‘धडपड्या आहे’ म्हणजे काहीच नाही, पण मुलगा चांगला आहे. काका हे शब्द कानानं ऐकायचे आणि हिशेब मनात मांडायचे. आता एकच प्रश्न, “सेट आहे ना?”, आणि एकच उत्तर, “हो.” विचारणाऱ्याला काय विचारलं ते ठाऊक नाही आणि सांगणाऱ्याला काय सांगितलं ते. ‘धडपड्या आहे’ एवढं खरं त्या दिवशी कोणी बोललं असतं, तर कदाचित कऱ्हाडकर तेव्हाच नाही म्हणाले असते, पण पंधरा दिवसांनी फोनवरून आमची अब्रू तरी निघाली नसती.

पुढची हकीकत तुम्हाला कळवणं भाग आहे, कारण तिच्यातही तुम्ही आहातच.

माघात फलटणचं स्थळ आलं. या वेळी मी ताईला आणि सौ.ला बजावून ठेवलं होतं, तो शब्द तोंडातून काढायचा नाही. प्रमाणपत्रही देव्हाऱ्यावरून उतरवून कपाटात ठेवलं. मंडळी आली, पोहे आले, मुलीच्या मामांनी घसा खाकरला. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, “मुलगा तासिका तत्त्वावर आहे. पगार तासांवर. उन्हाळ्यात काही नाही. पात्रता परीक्षा झाली आहे, नोकरी झालेली नाही.” खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मुलगी इतका वेळ बशीतल्या शेंगदाण्यांशी खेळत होती. तिनं मान वर केली आणि थेट भाच्याला विचारलं, “कुठल्या विषयात सेट?”

“मराठी. तुम्ही?”

“इतिहास. दोन वर्षं झाली.”

“आणि सध्या?”

“तेच,” ती म्हणाली, “सीएचबी. तीन कॉलेजं.”

“माझी दोनच आहेत,” भाचा जरा ओशाळून म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. मग त्या दोघांनी बिलं कुठल्या कॉलेजात लवकर निघतात यावर जे बोलायला सुरुवात केली ते चहा गार झाला तरी थांबेनात. ताईनं मला हळूच विचारलं, “जमतंय का रे?” मी म्हटलं, “जमतंय.” सौ. मात्र सवयीनं बोलून गेली, “सेट होतंय बहुतेक.” मी तिला काही म्हटलं नाही.

लग्न वैशाखात धरलं आहे. दोघांचेही तास तेव्हा बंद असतात, त्यामुळे रजेचा प्रश्न नाही.

कळावे, लोभ कमी असावा.

आपला,
मुलाचा मामा

ता. क. पत्रिकेखाली नेहमीप्रमाणे ‘कृपया आहेर आणू नयेत’ छापलं आहे. त्याच्यापुढं मी दोनशे पत्रिकांवर माझ्या हातानं लिहिलंय, ‘विशेषतः लेमन सेट’.